नवी तुकडी

३ जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
तू परत गेलीस आणि घर ओकंबोकं झालं. मला बाहेर बसवून डॉक्टरांचं तुझ्याशी एवढं काय गुळपीठ जमलं, ते सांगितलंच नाहीस.
एम.टेक.ची नवी तुकडी घेणार का, ते मला महिनाअखेर कळवायचंय. मुलं चिपचा आराखडा करतात, तो कारखान्यात जातो, बनून आलेली चिप तपासायची. दीड वर्ष सहज जातं. मधेच मास्तर गळाला तर पोरं लटकतात. तेवढा टिकेन ना मी?
तुझा,
खटपट्या

९ जून
चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.
अरे, नुसता अशक्तपणा आहे. औषधं घे, जेवणाचे नखरे सोड. काटा रुतला तरी घर डोक्यावर घ्यायचास, अजून तसाच आहेस! मुलं खुशाल घे. वर्गात उभा राहिलास की निम्मं दुखणं पळेल. ‘हे’सुद्धा तेच म्हणतात.
सुखी राहा.
ताई

१४ जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
आमच्यात एक नियम आहे. ज्याने सर्किट आखलं, त्याने एकट्याने ते तपासायचं नाही. काल एका मुलीने स्वतःच्याच सर्किटच्या ढीगभर चाचण्या घेतल्या, सगळ्या पास. चूक होती तिथे ती फिरकलीच नव्हती. रडकुंडीला येऊन म्हणाली, तिथे काही बिघडलं असेल असं मनातच आलं नाही. मी तिला समजावलं की आपल्या हातचं असलं की असंच होतं, आणि चिप बनून आल्यावर खोडरबर चालत नाही.
आईमागे तू मला वाढवलंस. माझ्यातली खोट बघायला तुझं मन धजत नाही, कळतं मला. पण भावोजी तुझ्याशी सहमत झाले, हे मी दोनदा वाचलं. सगळ्या संसारात असं कधी झालंय का?
पोरांचं वर्ष माझ्या होकारावर आहे. खरं काय ते लिही. मी रागावणार नाही.
तुझा,
खटपट्या

१९ जून
चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.
मुलं घेऊ नकोस.
डॉक्टर म्हणाले, हिवाळा निघणं कठीण आहे. तुझ्यासमोर माझी जीभ रेटली नाही रे. ‘ह्यां’ना तर मी अजून सांगितलेलंही नाही, आज सांगेन.
जुन्या मुलांचं उरलंसुरलं उरक, नवी दुसऱ्या कोणाच्या हाती सोपव आणि इकडे ये. मागची खोली तुझ्यासाठी आवरली आहे, ऊन चांगलं येतं तिथे. भांडायला मी आहेच.
लोभ असू दे, असं तुला कधी लिहावं लागलं नाही. आज लिहिते. असू दे, आणि लवकर ये.
ताई