आधी रिकामं भांडं

दि. १२ जानेवारी

चि. गोटूस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या दुकानातून निघालेला वजनकाटा काल पोचला, एक ओरखडासुद्धा नाही. आणणाऱ्याने दोन मजले चढवून दिला आणि जिन्याच्या नावाने बोटं मोडत गेला. मी लगेच त्यावर उभी राहिले. अठ्ठावन्न किलो. बाबांचे डॉक्टर म्हणाले की माझ्या ताडमाड उंचीला हे अगदी बरोबर आहे. म्हणजे आपल्या घरात एक तरी माणूस प्रमाणात आहे म्हणायचं.

मग बाबांची पाळी. झटक्यानंतर त्यांची उजवी बाजू गेली ती गेलीच, उभं राहणं आता नाही. मी त्यांना दोन्ही हातांवर उचललं आणि तशीच काट्यावर चढले. एकशे चार. त्यातून माझे अठ्ठावन्न गेले, राहिले शेहेचाळीस. वहीच्या पहिल्या पानावर सगळं तारखेनिशी मांडून ठेवलं आहे. डॉक्टरांना हा आकडा दर महिन्याला हवा आहे. चाळिसाच्या खाली गेले तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल म्हणतात. इस्पितळात बाबांनी सलाईनची सुई दोनदा उपटली होती, तुला आठवत असेल. नळी घातली तर ती ओढू नयेत म्हणून त्यांचा चांगला हातही पलंगाला बांधावा लागेल. ते माझ्याच्याने बघवणार नाही, म्हणून हा सगळा खटाटोप.

फोन त्यांच्या खोलीत आहे. बोलता येत नसलं तरी कान शाबूत आहेत, म्हणून असलं सगळं तुला पत्रातच लिहीन. वाचनालयाने फाटक्या पुस्तकांचे आणखी दोन गठ्ठे बांधायला पाठवले आहेत. सरस तापत ठेवून लिहिते आहे, तेव्हा पुरे.

लोभ आहे तो वाढव, पोट मात्र वाढवू नकोस.
तुझी
ताई

दि. २० जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पोटाचं नाव काढलंस ते नेमक्या वेळी. दुकानासमोरच्या डॉक्टरीणबाई त्यांचा काटा दुरुस्तीला घेऊन आल्या होत्या. दुरुस्त झाला की नाही बघू म्हणून त्यांनी मलाच त्यावर उभं केलं. एक्क्याण्णव. माझ्या बुटक्या अंगाला हे फार होतं म्हणाल्या. मी म्हटलं, मी काही फार खात नाही. तर त्या म्हणाल्या, नुसतं किती खाता ते सांगू नका, दिवसभरात खर्च किती करता तेही सांगा. मी सकाळी स्टुलावर बसतो तो संध्याकाळी उठतो. खर्च होतो तो तोंडाचा, गिऱ्हाइकाशी बोलण्यात. शरीरात जातं जास्त आणि निघतं कमी, उरलेलं ते पोटावर रचून ठेवतं, एवढंच त्यांचं म्हणणं. पाच किलो सावकाश उतरवा, उपास करू नका, चाला, असं सांगितलं. तुझ्या भावजयीने बिस्किटांचा डबा लपवला आहे. तो कुठे आहे ते मला माहीत आहे, हे तिला माहीत नाही.

बाबांना हातांवर घेऊन तोलायची तुझी युक्ती वाचून हसलो. दुकानात ते मला हेच शिकवायचे, आधी रिकामं भांडं तोल, मग मालासकट. इथे भांडं तू. त्यांना सांग, ताई तुमच्या धंद्यात तयार झाली.

पाठ सांभाळ. लोभ आहेच, तो तरी कमी करायला कुणी सांगितलेलं नाही.
तुझा
गोटू

दि. २ मार्च

चि. गोटूस,
अ. उ. आ. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. पत्र लिहायला बसायचं म्हणजे बसायचं, आणि बसले की उठवत नाही.

बातमी चांगली नाही. फेब्रुवारीत बाबा चव्वेचाळीस भरले, काल एक्केचाळीस. मी काही कमी करत नाही रे. दूध, अंडं, कुस्करलेला बटाटा, वर लोण्याचा गोळा, सगळं चालू आहे. पण अर्धा वाडगा झाला की ते तोंड मिटून घेतात, डाव्या हाताने चमचा धरतात आणि माझ्याकडे ढकलतात. पुन्हा पुढे केला की पुन्हा ढकलतात. लहान मुलासारखे चिमणीचे घास करून झाले, रागावून झालं. पंधरा-वीस मिनिटं अशी झटापट चालते. मग कधी घेतात दोन चमचे, कधी नाही.

बाकी माझं ठीक. दिवसातून सहा वेळा त्यांना उचलायचं, पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीत, आणि परत. चादरी रोज धुवायच्या आणि गच्चीवर न्यायच्या. माझं जेवण म्हणजे त्यांच्या वाडग्यात उरलेलं, तिथेच मोरीशी उभ्याने, की लगेच वाडगा धुऊन टाकता येतो. वेगळं ताट वाढून घ्यायचा कंटाळा येतो. पुस्तकं दाबायच्या प्रेसचा दांडा बहुधा गंजला आहे, आता दोन्ही हातांनी फिरवावा लागतो. आणि घड्याळाचा पट्टा सैल पडला होता, त्याला पुस्तकं शिवायच्या टोच्यानेच एक भोक पाडून घेतलं. कातडं जुनं झालं की ताणतं.

लोभ असू दे. आज जास्त लिहवत नाही.
तुझी
ताई

दि. ९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. दोन महिन्यांत पाच किलो म्हणजे थट्टा नाही. ताई, राग मानू नकोस, पण तू त्यांच्यापुढून लवकर उठत नाहीस ना? पुस्तकांची घाई असते, माणूस दमतं, चमचा दोनदा ढकलला की वाटतं, जाऊ दे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की दिवसभर पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसाचा खर्च तो किती, बऱ्यापैकी पोटात जात असेल तर वजन एवढं घसरायला नको. म्हणजे जात नाही, असाच अर्थ ना? दोन वेळांऐवजी सहा वेळा थोडं थोडं दे. कणीक भिजवतो तसं सगळं एकत्र मळून दे, पण पोटात जाऊ दे.

मी इथे दुकानापर्यंत चालत जातो आणि दोन किलो उतरलो. एका घरात दोघं उतरतोय, पण नको तो जास्त उतरतोय.

लोभ आहे म्हणूनच बोललो.
तुझा
गोटू

दि. ३० एप्रिल

चि. गोटूस,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी सात आठवडे उत्तराशिवाय ठेवलं, कारण उत्तर दिलं असतं तर ते तुला झोंबलं असतं.

मी लवकर उठत नाही. सहा वेळा देते, तू सांगायच्या आधीपासून देते. सहा वेळा देणं म्हणजे सहा वेळा शिजवणं, भरवणं, पुसणं आणि बदलणं. स्टुलावर बसून हे लिहिणं सोपं आहे. सकाळी जिन्यावर मधल्या पायरीशी मी बसून राहते आणि वरून कुणी हाक मारणार नाही, अशी आशा करते. हाक मारायला त्यांना आवाजच नाही, हे आठवलं की मला माझीच लाज वाटते.

बाबा एकोणचाळीस भरले. डॉक्टर येऊन गेले. चेहऱ्याने तसे वाटत नाहीत म्हणाले, पण वही बघितली आणि मान हलवली. मेच्या सत्तावीस तारखेला ते परिचारिकेला घेऊन येणार आहेत. आकडा वर गेला नसेल तर नळी. हे बोलणं पलंगाशीच झालं. बाबांनी डावा हात पांघरुणात ओढून घेतला.

एक मला समजत नाही. काटा म्हणतो ते हलके होत चाललेत. मला मात्र दर वेळी उचलताना जास्त जड लागतात. परवा त्यांना घेऊन काट्यावर एका दमात चढताच आलं नाही. वय झालं माझं, दुसरं काय.

लोभ असेल तर टोचून बोलू नकोस, इतकंच मागणं.
ताई

दि. ५ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चुकलो. हे वाक्य चार वेळा वेगवेगळं लिहून पाहिलं, शेवटी एवढंच ठेवतो.

चेहऱ्याने तसे वाटत नाहीत असं डॉक्टर म्हणाले, ते माझ्या डोक्यातून जात नाही. तुलाही जड लागतात. मग चुकतोय तो काटा. मी स्वतः जुळवून दिला होता, पण जिन्यात आदळला असेल, आतली पट्टी सरकली असेल. तुझ्याकडे पुठ्ठ्याचे सीलबंद गठ्ठे येतात ना, दहा दहा किलोचे? एक ठेवून बघ, मग दोन, मग जमेल तितके, आणि काय भरतं ते कळव. आणि बाबांना तोलताना तू काय काय करतेस ते पहिल्यापासून क्रमाने लिही. काहीही गाळू नकोस, तुला क्षुल्लक वाटलं तरी. गिऱ्हाइकाला मी नेहमी हेच सांगतो आणि दोष नेहमी त्याने गाळलेल्या गोष्टीत सापडतो.

लोभ ठेव. मी त्या लायकीचा नसलो तरी ठेव.
तुझा
गोटू

दि. १४ मे

चि. गोटूस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या काट्याला नाव ठेवायला जागा नाही. एक गठ्ठा दहा, दोन वीस, चार चाळीस. पाचवा मला वर ठेववला नाही, म्हणून तिथेच थांबले.

आता क्रमाने. सकाळी त्यांचं पोट साफ झालं की, दूध द्यायच्या आधी. काटा भिंतीपासून दूर, सपाट फरशीवर. आकडा शून्यावर आहे की नाही ते बघते. बाबांच्या अंगावर फक्त सदरा. त्यांना उचलते, चढते, त्यांचे पाय कुठे टेकत नाहीत ना ते बघते, आकडा वाचते. काल शहाण्णव होता. त्यांना पलंगावर ठेवते. मग वही काढते, पहिल्या पानावरचे माझे अठ्ठावन्न त्यातून वजा करते. काल उरले अडतीस.

यात गाळलेलं काही नाही. झाडाझडती संपली असेल तर एक मागते. सत्तावीसला तू इथे ये. नळी घालायची असेल तर त्यांचा हात मी बांधणार नाही, तू बांध.

लोभ आहे.
ताई

दि. १८ मे

ताई,

तुझ्या गावी जाणाऱ्या मालट्रकच्या ड्रायव्हरकडे हे पत्र देतोय, म्हणजे उद्या मिळेल. फोन उचलला होता, पण बाबांच्या देखत तुला हे ऐकवायचं नव्हतं.

पत्र खाली ठेव आणि एकटी काट्यावर उभी राहा. मग पुढचं वाच.

ते अठ्ठावन्न जानेवारीतले आहेत. बाबा मला दुकानात जे शिकवायचे, त्यातलं अर्धंच मी तुला थट्टेत लिहिलं. उरलेलं अर्धं असं होतं, की भांडं दर वेळी नव्याने तोलायचं, कारण भांडंही झिजतं. बावीस वर्षं मी हे दुकानात पोराटोरांना सांगतोय. तू पहिल्याच पत्रात सगळं उघड लिहिलंस, आणि मी हसलो. घड्याळाचा पट्टा वाचला, प्रेसचा दांडा वाचला, उभ्याने खाल्लेलं उरलंसुरलं वाचलं, आणि वर तुलाच विचारलं की तू लवकर उठत नाहीस ना. बाबा निजून असतात, त्यांचा खर्च नाही. तू दिवसाला सहा वेळा एक माणूस उचलतेस आणि अर्ध्या वाडग्यावर राहतेस. याला डॉक्टरीणबाई कशाला हव्या होत्या, हे मला कळायला हवं होतं.

शनिवारी आम्ही दोघं येतोय. दुकान महिनाभर बंद. बाबांना बसवून तोलता येईल असा खुर्चीचा काटा आणतो. तोवर त्यांना एकटीने उचलू नकोस, खालच्या मजल्यावरच्या कुणाला तरी बोलाव.

गोटू

दि. २० मे

चि. गोटूस,
अ. उ. आ. वि. वि.

हे पत्र तू निघाल्यावर पोचेल बहुतेक. तरी लिहिते, कारण तोंडाने मला सांगता येणार नाही.

पन्नास. तीनदा उतरले, तीनदा चढले, पन्नासच. बाबांच्या पलंगाशीच उभी होते. शहाण्णवातून पन्नास गेले, शेहेचाळीस. बाबा जानेवारीत होते तिथेच आहेत, एक किलोही हललेले नाहीत. मी आधी हसले. मग काट्यावरच खाली बसले आणि रडले, त्यांच्यासमोर. इतके दिवस मी ते टाळत होते.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी दोन्ही आकडे पुन्हा म्हणायला लावले. नळीची गरज नाही. खुर्चीचा काटा आला की पुन्हा एकदा तोलू, पण बाबांचा चेहरा वहीतल्या आकड्यांशी जुळत नव्हता तो उगीच नाही, म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला. माझ्या उंचीला बावन्नच्या खाली जाणं बरं नाही, चार महिन्यांत आठ किलो तर मुळीच नाही, रक्त तपासायचं, आणि जेवायचं ते बसून, ताट वाढून, रोज. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी जेवण औषध म्हणून सांगितलं.

आता जे लिहायचं होतं ते. दुपारी बाबांना भरवायला बसले. अर्धा वाडगा झाला आणि त्यांनी नेहमीसारखं तोंड मिटलं. चमचा धरला आणि माझ्याकडे ढकलला. मी जानेवारीपासून रोज सहा वेळा तो चमचा परत त्यांच्या तोंडाशी नेत आले. रागावून नेला, विनवून नेला. तुला पत्रातून कळवलंही, की ते खात नाहीत. आज मी तो नेला नाही. चमचा माझ्या तोंडाशीच येत होता, इकडे तिकडे कुठे नाही. आपल्या दोघांनाही न कळलेलं ते तोलून बसले होते, आणि सांगायला त्यांच्याकडे एवढाच हात होता.

मी तो घास खाल्ला. मग त्यांनी तोंड उघडलं.

लोभ आहेच. शनिवारी माझंही ताट मांडलेलं असेल.
तुझी
ताई