इटालियन जगाची चोच

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावर चिडायचं माझं काही थांबत नाही. सांगितलं तेवढंच करायचं, हे तुम्हाला कधी जमलंच नाही. लीड्सला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तुम्ही जन्मभर लोकांचे खोटे दात केलेत, आणि बसवलेला दात ओळखू आला तर तुम्हाला तो अपमान वाटायचा. घरीही तेच. आईच्या कपाचा कान तुटला, तो तुम्ही असा चिकटवलात की तिलासुद्धा पत्ता नाही. दिवाळीला कॉव्हेंट्रीहून पाहुणे आले, तिने नेमका त्याच कपात चहा दिला, आणि कान हातात, चहा मांडीवर! ते बिचारे बर्फ लावून कण्हतायत आणि तुम्ही काय विचारताय? "पण सांधा दिसत होता का, सांगा."

हे सगळं माहीत असून तुम्हाला म्युझियममध्ये नेलं, ती माझीच अक्कल. नव्वद साल उजाडायचं होतं. तिथं जुन्या वस्तू जोडायची माझी पहिली नोकरी, अजून प्रोबेशनवर. टेबलावर इटलीतला सहाशे वर्षांपूर्वीचा पाण्याचा जग. फुगीर पोट, बारीक बैठक, मातीवर कथील घातलेली पांढरी झिलई, तिच्यावर तपकिरी रेघा आणि हिरवी पानं. तुम्ही पाहताक्षणी म्हणालात, "अगं, ही तर मातीला कल्हई!" तोंडाची चोच तेवढी तुटून हरवली होती. मेणात आकार घडवून प्लास्टरची नवी चोच बसवायला तुमच्याइतका हलका हात आमच्याकडे कुणाचाच नव्हता. म्हणून बॉसबाईंची परवानगी काढून तुम्हाला शनिवारी आणलं. बसमध्येच बजावलं होतं, "बाबा, चोच कोरी ठेवायची. बघणाऱ्याला कळलं पाहिजे, जुनं कुठं संपलं आणि नवं कुठं लागलं."

"म्हणजे मुद्दाम वाईट काम करायचं?"

"वाईट नाही हो, खरं."

तुम्ही खिडकीबाहेर बघत नुसतं "हं" म्हणालात. तुमच्या "हं"चा अर्थ मला एव्हाना कळायला हवा होता.

दुपारी मी चहा आणायला गेले, परत येते तो चोचीवर पानं उगवलेली! तपकिरी रेघ जुन्या रेघेतून निघून थेट टोकापर्यंत पोचलेली, झिलईवरच्या केसाएवढ्या भेगासुद्धा काढलेल्या. तेवढ्यात बॉसबाई आल्या. भिंग लावून त्यांनी सांधा शोधला, सापडेना. क्षणभर वाटलं, शाबासकी देतायत. कसली शाबासकी! "हू पेंटेड धिस?" म्हणाल्या. तुम्ही हसतमुखानं हात वर केलात, वर्गात करतात तसा. त्या माझ्याकडे वळल्या. हे म्युझियम आहे, नकली माल खपवायचं दुकान नाही. एवढं साधं तुला कळत नसेल, तर... पुढचं त्यांनी तोंडातच ठेवलं.

"आय टोल्ड हिम नॉट टु," मी म्हणाले. त्यांच्याकडे बघून, इंग्रजीत, जणू तुम्हाला ते कळतच नव्हतं.

"येस, येस, शी टोल्ड मी. माय फॉल्ट," तुम्ही घाईघाईनं म्हणालात. मी अ‍ॅसिटोनमध्ये कापूस बुडवला आणि तुमच्यादेखत सगळं पुसून काढलं. तुम्ही अ‍ॅप्रनची घडी घालत होतात, तीच तीच घडी. घरी येईपर्यंत एकच वाक्य बोललात, "नोकरी राहील ना गं तुझी?"

नोकरी राहिली. आणि चूक तुमचीच होती, शंभरदा तुमचीच; आजही मी हेच म्हणते. एकदा, फक्त एकदा ऐकलं असतंत तर काय बिघडलं असतं? त्यानंतर तुम्ही म्युझियमचा विषय काढला नाहीत, मीही कधी या म्हटलं नाही, आणि पाच वर्षांत तुम्ही गेलात.

हे पत्र मी कुठंच टाकणार नाही, म्हणून लिहिते. वर लिहिलंय तसं नव्हतं झालं. चहा घेऊन मी आले, तेव्हा तुमचं पहिलंच पान अर्धं रंगवून झालं होतं. दार उघडं होतं, तुमची पाठ माझ्याकडे. रेघ ओढताना तुम्ही श्वास धरून ठेवत होतात, मग हळूच सोडत होतात. "बाबा, थांबा," एवढंच म्हणायचं होतं. दोन्ही कपांवर साय धरेपर्यंत मी तिथं उभी राहून बघत होते.