जाऊबाईंपेक्षा मोठा हॉल

२ ऑक्टोबर, दसरा

आलो एकदाचे! सुकापूरला, स्वतःच्या घरात. नव्या शेगडीवर दूध उतू घालवलं, मनूने टाळ्या पिटल्या, आणि परेश माझ्याकडे बघून उगीचच हसला. लग्नानंतर इतकं मोकळं हसलेला नवरा मी पहिल्यांदाच पाहिला.

दोन वर्षं घरं बघत वणवण केली. बजेट सांगितलं की एजंट आधी आमच्या चपलांकडे बघायचे आणि मग स्टेशनपासून लांब लांब न्यायचे. एका घराची खिडकी उघडली तर समोर शेजाऱ्यांचं बाथरूम, दुसऱ्याला पाणी फक्त टँकरचं. हे घर परवडलं, कारण हा या इमारतीचा सॅम्पल फ्लॅट. गिऱ्हाइकांना दाखवायला बिल्डरने सजवून ठेवलेला आणि सगळ्यात शेवटी विकायला काढलेला. सोफा, पलंग, कपाटं सगळं घरासोबत आलं. भिंतीवरचा टीव्ही पुठ्ठ्याचा निघाला आणि टोपलीतली सफरचंदं प्लास्टिकची. मनूने एक चावून पाहिलंच.

ही वही मुद्दाम आणली आहे. कामोठ्याला जाऊबाईंच्या घरात एका खोलीत आम्ही तिघं. तिथे मनातलं लिहायलाही दुसऱ्याची जागा वापरल्यासारखं वाटायचं.

४ ऑक्टोबर

किशोरीताई आणि भाऊजी येऊन गेले. ताईंनी पितळी समई आणली, मनूला फ्रॉक आणला, सोबत मोदकसुद्धा करून आणले. माझी ही थोरली जाऊ इतकी चांगली आहे की तिच्याशी धड भांडताही येत नाही. कामोठ्यात आम्हाला ठेवून घेतलं, कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. त्याचाच जास्त राग येतो.

त्यांनी घरभर फिरून पाहिलं आणि म्हणाल्या, "छान आहे गं निशा. छोटंसं, सुटसुटीत."

छोटंसं! त्यांच्या हॉलमध्ये गणपतीला पंगत बसते, त्यांना काय जातंय म्हणायला? परेशने वर एक किल्लीही देऊन टाकली, अडीअडचणीला असू दे म्हणून. ते गेल्यावर देवापुढे समई लावली, तीही त्यांचीच, आणि हात जोडून एकच मागितलं. त्यांच्यापेक्षा मोठा हॉल. बाकी काही नको.

७ ऑक्टोबर

परेशचे पाय पलंगाबाहेर येतात. आधी हसलो, मग बिल्डरच्या ऑफिसात मुबीनाला फोन केला. घर दाखवायला तीच होती. तिने कबूल केलं की सॅम्पल फ्लॅटचं फर्निचर मुद्दाम कमी मापाचं बनवून घेतात, म्हणजे खोली मोठी दिसते. सॉरी मॅडम, सगळेच करतात, म्हणाली. ओटाही बुटका आहे. पोळ्या लाटून माझी कंबर मोडली.

परेश म्हणतो, स्वस्तात मिळालंय, चालवून घेऊ. घेऊ.

१२ ऑक्टोबर

काल ताईंनी फोनवर पुन्हा 'छोटंसं घर' म्हटलं, रात्रभर जळत होते. पण आज एक गंमत. हॉल मोठा वाटायला लागलाय. खोटं नाही सांगत. पहिल्या दिवशी सोफा आणि समोरची भिंत यांत अंग चोरून जावं लागायचं. आज मनू तिथे फुगडी घालत होती. ओट्यापाशी कंबर दुखत नाही. परेशचे पायसुद्धा आता पलंगावर मावतात. तो म्हणतो, पलंगाची लाकडं सैल झाली असतील. मी म्हणते, काही का असेना. घराला माझी दया आली.

१९ ऑक्टोबर

दारात कंदील लावला, हॉलभर पणत्या मांडल्या आणि फोटो स्टेटसला टाकले. सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. ताईंनी लिहिलं, "वा! फोटोत किती मोठा दिसतोय गं." फोटोत. एवढा एक शब्द, आणि माझा अख्खा दिवस जळला.

२० ऑक्टोबर

सकाळी उठले तर हॉल आणखी मोठा! सोफ्यावरून स्वयंपाकघरात जायला चक्क चालावं लागलं. कामोठ्याच्या हॉलशी आता सहज बरोबरी होईल. मी दोनदा चालून पाहिलं आणि एकटीच हसले.

करंजा गावाहून सुकी मासळी घेऊन चंद्रावतीबाई गेटवर बसतात. त्या मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, "बाय, यो गाऊन जावेचा आनलास काय? तुला बसत नाय." बोंबील घेतले आणि वर आले.

गाऊन माझाच आहे. मीच शिवून घेतलेला.

३ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली. सुट्टीत सगळ्यांची मुलं गणवेशात मावेनाशी होतात. माझी मनू गणवेशात बुडाली. बाईंनी विचारलं, मोठ्या बहिणीचा घातला का? मनू घरी येऊन रडली, वर्गात आज सगळ्यांत पुढे तिला उभं केलं म्हणून.

परेशने पँट दुमडून घातली होती. ऑफिसातले हसले म्हणे. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. घरी आल्यावर परेशने दाराचं लॅच स्वतःच्या खांद्याशी मोजून पाहिलं, आणि म्हणाला की घर मोठं होत नाहीये, निशा. आपण लहान होतोय. आजच्या आज दादाकडे कामोठ्याला जाऊ.

मी नाही म्हटलं. पिशव्या घेऊन पुन्हा त्याच खोलीत? ताई दार उघडतील, एक प्रश्न विचारणार नाहीत, गरम भात वाढतील. ते मला सहन होणार नाही. मेले तरी चालेल.

५ नोव्हेंबर

मला कळलंय. परेशला सांगितलेलं नाही.

ज्या दिवशी ताईंवरून माझा जीव जळतो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे होतं. दर वेळी. मी मागितलं तेच घर देतंय. त्याला मोठं होता येत नाही, भिंती तेवढ्याच, म्हणून ते आम्हाला लहान करतंय.

मग उपाय माझ्याच हातात आहे. ताईंबद्दल मनात वाईट आणायचं नाही. एवढं तर जमेल.

९ नोव्हेंबर

जमतंय! उठल्या उठल्या ताईंची एक चांगली गोष्ट आठवते. माझ्या बाळंतपणात रात्ररात्र जागल्या. मनूचा ताप त्यांच्या मांडीवर उतरला. खरंच आहे ते सगळं. दाराचं लॅच आहे तिथेच आहे, स्टुलावरून हात पोचतो. मनूला शाळेत पाठवत नाही, परेशने रजा टाकलीय, पण अजून लहान झालो नाही. पुन्हा वाढूही कदाचित. देवापुढे आता काहीच मागत नाही.

१० नोव्हेंबर

ताईंचं स्टेटस पाहिलं. बाल्कनी आत घेतली. हॉल वाढवला.

फोन पालथा टाकला. छान झालं, छान झालं, असं मोठ्याने म्हटलं. परेश माझ्याकडे बघत होता.

मग पुन्हा एकदा पाहिलं. नवीन पडदे आहेत.

११ नोव्हेंबर

स्टुलावर चढता येत नाही. लॅचच्या मुठीला हात पोचत नाही. दार आतून ढकलून पाहिलं, हलत नाही.

परेश म्हणाला, दादाला फोन कर. फोन माझ्यापाशी होता. दोन्ही हातांनी एकेक अक्षर दाबलं. ताईंना लिहिलं — आम्ही गावाला चाललोय, तिथे रेंज नसते, काळजी करू नका.

का लिहिलं? आम्हाला अशा अवस्थेत त्यांनी बघू नये म्हणून. दुसरं काही नाही.

ताईंचं उत्तर लगेच आलं. सावकाश या. किल्ली आहेच, मी येऊन तुळशीला पाणी घालीन, केर काढून ठेवीन, म्हणजे आल्यावर घर स्वच्छ —

परेशने वाचलं आणि मनूला घेऊन पलीकडे जाऊन बसला.

१३ नोव्हेंबर

फोन बंद पडला. चार्जरचं बटण वर, भिंतीवर.

समईकडे बघितलं तरी जीव जळतो. आवरत नाही. आवरायचं म्हटलं की आधी त्याच आठवतात —

मनू प्लास्टिकच्या सफरचंदाला टेकून झोपली. ते खाली पडलं होतं. तिच्याएवढं आहे.

तारीख नाही

वही सोफ्याखाली, उघडी. पानावर बसून लिहिते. मनूच्या पेन्सिलीचं तुटलेलं टोक मिळालं.

पोळीचा तुकडा आहे. मुंग्या यायच्या आत —

हॉलचं दुसरं टोक दिसत नाही.

नंतर

किल्ली फिरली. दार उघडलं. ताई.

परेश ओरडतोय. त्याचा आवाज सोफ्याबाहेरही जात नाही. मनू म्हणते मोठी आई आली, मोठी आई — धावत सुटणार होती, तिचा हात घट्ट धरला. नको. ताईंना दिसायला नको, असे नको —

ताई फोनवर, भाऊजींशी. म्हणतात, कधी बोलले नाही हो, पण निशाच्या घराचा मला हेवा वाटतो. आपण एवढी बाल्कनी तोडली, तरी या लहान लहान सामानात हिचाच हॉल आपल्यापेक्षा मोठा दिसतो —

ऐकलं. मी ऐकलं! परेश, ऐकलंस का, त्या स्वतःच्या तोंडाने —

हात सुटला.

मनू — मधोमध — मोठी आई, मोठी आई करत —

ताई खाली बघत नाहीत. पदर खोचला. दारामागून केरसुणी घेत —