साइट पळायला लागली

सोम., ८ सप्टें.
सकाळीच केबिनमध्ये बोलावणं. मालक हरेशभाई वैतागलेले. "वैशालीबेन, साइट केम आटली धीमी छे? घराक भागी जाय छे." खरं आहे, गिऱ्हाइकं पळतात. साडीचा रंग निवडला की चाक फिरत राहतं. माणूस कंटाळतो आणि सरळ फोन करतो. आत्ता पितृपक्ष, नवं कापड कोणी घेत नाही. नवरात्राआधी सगळं सुरळीत पाहिजे म्हणाले. हो म्हटलं. इथे सर्व्हर बघणारी मी एकटीच.

दुपारी नेहमीप्रमाणे बाहेरच्या खोलीत, फोनच्या टेबलाशी डबा. फोनवर ऑर्डरी घेणाऱ्या सुनंदाताईंनी माझ्यासाठी कळण्याची भाकरी आणलेली. मधेच फोन आला, बहुतेक जळगावचा. साडीचं बोलून झाल्यावर ताईंनी त्या बाईच्या मुलीचं लग्न कुठवर आलं तेही विचारून घेतलं. शेजारच्या फोनवर बसणारी हेतल माझ्याकडे बघून हसत होती. आई गेल्यापासून जेवताना एवढंच काय ते बोलणं.

बुध., १०
डेटाबेसला कोणता प्रश्न सोडवायला वेळ लागतो त्याची नोंद कालपासून चालू ठेवली होती. दोषी सापडला. रंग, कापड आणि किंमत मिळून शोधलं की दरवेळी अख्खं टेबल पहिल्या साडीपासून शेवटच्या साडीपर्यंत वाचलं जातं. इंडेक्सच नाही.

सु.ताई: "काय करी राह्यनी वं दिनभर? त्या काया पडदाकडे देखत बठस."
म्हटलं, गोदामात सगळ्या साड्या एका ढिगात असतील तर लाल शालू शोधायला किती वेळ लागेल? तेच कप्पे केले तर? मी कप्पे करते आहे.
"मंग आधीच का नही करं?"
हसायला आलं. पण खरंच. आईचं आजारपण, मग ती गेली, मग नुसतेच महिने गेले.

रवि., १४
मार्केट बंद. वॉचमनने मान हलवून आत सोडलं. आधी कॉपीवर करून पाहिलं, मग खऱ्यावर. इंडेक्स झाला. मेमरीचं तर हसूच आलं. मशीनमध्ये एवढी मोकळी पडलेली आणि डेटाबेसला वापरायला चिमूटभर दिलेली, पहिल्या दिवसापासून तशीच. वाढवली. रीस्टार्ट. पुन्हा उठेपर्यंत जीव टांगणीला.

उठला. लाल, सिल्क, शोधा... बोट उचलायच्या आत पान समोर.

"झालं!" मोठ्यांदा म्हटलं. रिकाम्या खोलीत केवढ्याने घुमलं. घसा बसल्यासारखा वाटला, मग लक्षात आलं, सकाळपासून बोललेला हा पहिलाच शब्द. पुण्याला दादाला फोन लावला. मॉलमध्ये होता. नंतर करतो म्हणाला.

मंगळ., १६
पहिल्या पानावर दर वेळी वेगळ्या साड्या दाखवायच्या म्हणून सगळा माल पत्त्यांसारखा पिसला जायचा. ते काढलं. आता निवड दिवसातून एकदाच होते. ह.भा. स्वतः मोबाइलवर बघत बाहेर आले. "हवे तो दोडे छे, बेन!" पेढे मागवले. सु.ताईंनी पेढा माझ्या तोंडात घातला. "हुशार शे मनी पोर." बरं वाटलं. फार.

सोम., २२
घटस्थापना. सकाळपासून ऑर्डरींचा पाऊस. सर्व्हर शांत, कुठेही अडकत नाही. स्क्रीनवरून नजर हटवत नव्हते. असं काम हातून झालं की...

पाणी भरायला बाहेर गेले. दर नवरात्रात त्या खोलीत फोनच्या घणघणाटात एकमेकांचं ऐकू येत नाही. आज हेतल मोबाइलवर काहीतरी बघत होती. सु.ताई नवी साडी नेसून, हात फोनजवळ ठेवून ताठ बसलेल्या.
"फोन खराब व्हयनात का वं? देख ना जरा."
रिसीव्हर उचलला. टोन येत होता.
"नाही ताई, चालू आहे."
रिसीव्हर जागेवर ठेवला. डबा तसाच परत.

शुक्र., २६
फोनचं टेबल बंद. हेतलला सचिन भागातल्या गोदामात पॅकिंग. सु.ताईंनाही तेच सांगितलं. दिवसभर उभं राहायचं. त्यांचे गुडघे मला माहीत आहेत. हरेशभाईंनासुद्धा माहीत आहेत.

केबिनमध्ये गेले. म्हटलं, वयस्कर गिऱ्हाइकांना माणूस लागतो, ताईंना ठेवा. त्यांनी नीट ऐकून घेतलं, चहा मागवला. "बेन, आ तो तमे ज करी आप्युं." हे तर तुम्हीच करून दिलंत, असं कौतुकानेच म्हणाले. चहा तसाच ठेवून बाहेर आले.

गोदामाला नाही म्हणून ताई पिशवी भरत होत्या.
"ताई, मला खरंच कळलं नव्हतं."
"तुनं काम तू करं. तुना काय दोष?" वर न बघता.

बुध., १ ऑक्टो.
इंडेक्स काढून टाकायला एक ओळ लागते. आज ती लिहिली. थोडा वेळ बघत बसले आणि पुसली. साइट पुन्हा रखडेल, लोक चिडतील, ताई काही परत येणार नाहीत. हे सगळं आधीच माहीत होतं, तरी लिहिली.

डबा आता स्क्रीनसमोरच.

रवि., १२ ऑक्टो.
शेवटी ताईंच्या घरी, लिंबायतला गेले. दोनदा गल्ली चुकले. ताई सूनबाईबरोबर साड्यांना लेस लावत होत्या. ढीग बाजूला सारून मला जागा केली. यजमान पांडेसऱ्याच्या मिलमध्ये, पाळीवर. चहा झाला, शेव-मुरमुरे झाले. गुडघ्यांचं विचारलं. हेतलचं विचारलं. कामाचं कोणीच काढेना.

निघताना त्यांनीच विचारलं, "ती साइट आते नही अडकत ना?"
"नाही, ताई."
"चांगलं व्हयनं." आणि सुईत दोरा ओवू लागल्या.

चप्पल घालताना वाट पाहिली. आमच्याकडे पाहुणा उठला की "येजो", पुन्हा ये, म्हणतात, आईसुद्धा म्हणायची. नातवंडांचा टीव्ही मोठ्याने चालू होता. ताईंचे ओठ हलले असं वाटलं.

उधन्यापर्यंत चालत आले. म्हणाल्या असतील. पुढच्या रविवारी जावं का?