ताडकळसचा समेट

१३ फेब्रु., गुरु.
दुपारी चर्चच्या पाळकसाहेबांच्या जीपमधून ताडकळसला, डॅनियलच्या घरी. मंडळीच्या घरोघरच्या भेट-सेवेची प्रमुख म्हणून मी सोबत. डॅनियल पिकअप चालवतो, रविवारी मंडळीत ढोलक वाजवतो, आणि बायकोला मारतो. हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून समेट-प्रार्थना. आमची रीत ठरलेली. नवरा-बायकोने सतरंजीवर समोरासमोर बसायचं, एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, मग बायकोने सगळ्यांना चहा द्यायचा. झाला समेट.

डॅनियलने हात ठेवला. त्याच्या बायकोचा, एस्तेरचा, हात पदराखालीच.
"हात ठेव, एस्तेर. मनात अढी नको," पा. साहेब.
डॅनियल म्हणतो, "बगा साहेब, हिचं हे आसं हाय."
तिने डाव्या हाताने उजवा हात उचलायला घेतला. पदर सरकला. मनगट काळंनिळं, सुजून वाकडं. उचलता उचलता पांढरीफटक पडली.
बास, म्हटलं. सासू म्हणाली, मोरीत पडली. पा. साहेब म्हणाले, प्रार्थना तेवढी पूर्ण करून घेऊ. मी एस्तेरला काखेत धरून जीपमध्ये बसवलं. रूथ, नऊ वर्षांची, चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. आईमागे पळाली, तर डॅनियलने वेणी धरून मागे ओढली. ट्रे पडला. "तू जा कुटं जायचं तितं. पोरगी हितंच ऱ्हाईल."

१४, शुक्र.
कालची रात्र सरकारी दवाखान्यात. हाड मोडलंय, प्लास्टर. डॉक्टरांनी विचारलं, तर एस्तेर म्हणे पडले. मी म्हटलं, मारलंय, तसं लिहा. बाहेर आल्यावर माझ्यावरच चिडली. "बाई, तुमी लिवता, आन् तिकडं पोरीच्या आंगावर उठतंय." कशाने मारलं विचारलं. पान्याने. चाकाचे नट खोलायच्या.
माझ्या घरी आणलं. पोलिसांत जायला तयार नाही. पोरगी हातात आल्याशिवाय सही करणार नाही म्हणते.

१६, रवि.
पा. साहेबांनी व्यासपीठावरून नाव घेऊन प्रार्थना केली, डॅनियल-एस्तेरच्या घराला शांती लाभो. डॅनियल ढोलकावर डोकं टेकून रडला. बायका विरघळल्या. महिला मंडळाच्या लीलाबाई पायरीवर गाठून म्हणाल्या, "माणूस रडायलाय, बाई. तुम्ही लग्न केलं असतं तर कळलं असतं."
केलं नाही म्हणून दोन्ही मनगटं शाबूत आहेत, म्हटलं.
आता चार दिवस बोलणार नाहीत. बरंच.

१८, मंगळ.
आला. दुपारची जेवणं नुकतीच झालेली. डॅनियलने फाटकाची कडी तोडली. एस्तेर अंगणात होती. प्लास्टरचाच हात धरून ओढली, पायरीवर तोंड आपटलं. रक्त, आणि एक दात. "मंडळीत माजं नाव काडतीस का? नाव?" दर शब्दाला लाथ.
मी आतून खलबत्त्यातला बत्ता आणला. कोपरावर हाणला. आवाज आला. लाथ थांबली. दुसरा पाठीत घातला. तेव्हा तो खाली बसलेला होता, त्याची गरज नव्हती. तरी घातला. आई गं, आई गं, करत लोळला.
शेजारच्या सलीमभाईंनी कॉलर धरून बाहेर काढला. परत आले ते बत्त्याकडे बघत. "आपा, आमच्याकडचा मसाला कुटायला पाठवू का?"
हसले मी. मग पायरी धूत बसले ते दिवे लागेपर्यंत.

२०, गुरु.
मंडळीच्या पंचांची बैठक. वाटलं डॅनियलची. निघाली माझी. तो झोळीत हात अडकवून, दाढी करून, पांढरा शर्ट. पंचांनी मलाच विचारलं,
"भेट-सेवेच्या प्रमुखाने मंडळीतल्या भावावर हात उचलावा?"
भावाने काय केलं, ते विचारा.
"त्याचं त्याच्याकडे. तुमच्या दोघांचा समेट व्हायला हवा." म्हणजे मी त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा.
ठेवते, म्हटलं. आधी रूथला इथे आणा.
डॅनियल हसला. "एस्तेर घरी येऊं द्या. मंग पोरगी तिचीच हाय की."
पंच म्हणाले, रास्त आहे. मी उठून आले. पा. साहेब जिन्यापर्यंत मागे आले. तिथूनच परतले.

२३, रवि.
उपासनेहून आले तर एस्तेर नाही. भांडी घासून पालथी घातलेली, एका हाताने. सलीमभाईंच्या बायकोला सांगून गेली, ताडकळसच्या बसने जाते, पोरीला ताप हाय म्हणून फोन आला.
फोन लावला. सासूने उचलला. "आपल्या घरी आलीय, तुमाला काय करायचंय?" मागे रूथ किंचाळत होती. फोन बंद.
पा. साहेब जेवायला बसले होते. उठा, म्हटलं. म्हणाले, पंचांना घेऊन उद्या. मी हात धरून उठवलं. माणूस खरकट्या हाताने जीपमध्ये बसला.

२४, सोम.
काल पुढचं लिहून झालं नाही.
आम्ही पोचलो तेव्हा दार उघडं. एस्तेर धावत बाहेर आली, प्लास्टर फुटून लोंबत होतं, एक डोळा बंद. रूथला पुढे ढकलत आणली, जीपमध्ये फेकलीच म्हणा. मागून त्याने केस धरले. झोळीतून काढलेल्या हातात पाना. एस्तेर जीपकडे बघत ओरडली, "बाई, गाडी काढा! पोरगी न्या, गाडी काढा!"
मी उतरायला गेले. तिने लाथेने दार लावलं. पा. साहेबांनी गाडी काढली.
रूथने माझ्या दंडाला कडकडून चावा घेतला. सोडेना. घेऊ दिला.
वाटेत पा. साहेब प्रार्थना पुटपुटायला लागले. गप्प बसा, म्हटलं, थेट पोलीस ठाण्यात घ्या. तिथे फौजदार म्हणाले, बाईची तक्रार कुठंय? पा. साहेबांनी कागद मागितला. "माझ्या नावाने लिहितो. माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. आधीही घडलंय." खरकटं वाळलेल्या हाताने सही केली.

पोलिसांची गाडी गेली. मला नेलं नाही, पोरीपाशी थांबा म्हणाले. पा. साहेब त्यांच्यासोबत गेले. मी रूथला घरी आणलं.
अजून फोन नाही. एस्तेरचा बंद लागतो. पा. साहेब उचलत नाहीत.
रूथला ताप वगैरे काही नाही. पाठीवर वळ. काल आल्यापासून फाटकाशी उभी, झोपलीही तिथेच टेकून. दूध दिलं, सांडलं. आत ये म्हटलं, तर बघतसुद्धा नाही.
खुर्ची बाहेर नेली. बसलेय तिच्याजवळ.