उत्तरापुरती जागा

सिंधीपुरा, बऱ्हाणपूर
६ नोव्हेंबर

चि. तेजस्विनीस अ. उ. आ.,

पत्र पाहून घाबरू नको, घरी सगळे ठीक आहेत. फोन केला असता, पण आपल्या घरचा फोन म्हणजे चावडी. स्पीकर चालू, इकडून आई, तिकडून तुझे दादा, आणि मी आपली हो हो करत फोन ठेवते. हे मला नीट सांगायचं होतं, म्हणून कागद घेतला.

अगं, मिहू बोलली! चार वर्षं पूर्ण झाली तरी माझी पोरगी बोट दाखवून आं करण्याच्या पुढे जात नव्हती, तुला माहीतच आहे. कान तपासले, इंदूरचे डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे, धीर धरा. धीर काय दुकानात मिळतो? इकडे केजीच्या मॅडमनी साफ सांगितलं की बोलल्याशिवाय जूनमध्ये घेणार नाही. दिवसभर तेच दिमागात.

तर परवा सकाळी टीव्हीवर तुझा ‘झोळीतली गंमत’ कार्यक्रम लागला होता. तू जुन्या मोज्याचा हत्ती करत होतीस. सोंड हातात धरून विचारलंस, ही कुठे लावू? आणि गप्प बसलीस, नुसती बघत. मला वाटलं टीव्ही अटकला. तेवढ्यात मिहूने सांगितलं, नाकाले. माय वो, माझ्या हातातली परात पडली! आईंनी लगेच दुरुस्त केलं की नाकाले नाही, नाकाला म्हणायचं, ही बहादरपूरची बोली नको. म्हटलं, माझ्या माहेरची तर माहेरची, बोलली ना!

काल पण बोलली, पण तुझ्याशीच. आमच्याशी एक शब्द नाही. जळते मी तुझ्यावर, खरं सांगते. तरी तू रोज येत राहा बाई टीव्हीवर.

माझ्या जळण्यासकट लोभ असू दे.
तुझी वहिनी,
ज्योत्स्ना

पुणे
१३ नोव्हेंबर

ती. सौ. वहिनींना सा. न. वि. वि.,

तुमचं पत्र मेकअपच्या खुर्चीत बसून वाचलं आणि केलेला सगळा मेकअप वाहून गेला. मेकअपवाल्या बाई चिडल्या, मग त्यांना मिहूची गोष्ट सांगितली तर त्याही रडल्या.

टीव्ही अटकला नव्हता हो! प्रश्न विचारला की मी थांबते. समोर नुसता कॅमेरा असतो, पण मी धरून चालते की पलीकडे कुणीतरी तोंड उघडतंय. मनातल्या मनात एक घोट पाणी पिते, तेवढा वेळ. बालवाडीत शिकवत होते तेव्हापासूनची ती सवय.

आता वाईट बातमी, लपवून मला चैन पडणार नाही. आमच्याकडे नवे साहेब आलेत. त्यांचं म्हणणं, पडद्यावर कुणी गप्प बसलं की लोक चॅनल बदलतात. पुढच्या महिन्यापासून माझं थांबणं कापणार आणि तिथे गाणं, टाळ्या. उत्तरसुद्धा स्टुडिओतली मुलंच देणार. मी खूप भांडले वहिनी. त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि आकडे दाखवले. नोकरी सोडावीशी वाटते, पण सोडली तर माझ्या जागी येणारी हसत हसत टाळ्या वाजवेल. काय करावं सुचत नाही. नुसत्या येरझाऱ्या घालते आहे.

मिहूचा एक गालगुच्चा घ्या. मला रागवा, पण अंतर देऊ नका.
तेजू

सिंधीपुरा, बऱ्हाणपूर
४ डिसेंबर

तेजस्विनीस आशीर्वाद, आज नुसते तेवढेच.

कापलं शेवटी! काल सगळं काम टाकून मी मिहूजवळ बसले होते. तू कागदाचा मासा केलास, शेपूट कुठे म्हणून विचारलंस, पोरीने तोंड उघडलं, आणि टाळ्या! ढोल! तिकडच्याच पोरांनी ओरडून उत्तर दिलं. हिचं तोंड तसंच उघडं राहिलं. आज तिने टीव्हीकडे पाठ केली आणि गाद्यांच्या घडीवर डोकं टेकून बसली. आणि तिकडे तू हसत होतीस. मला कळतं, तुझ्या हातात नाही. तरी राग आला. तो तुलाच लिहिणार, दुसरं कोण आहे मला?

तुझ्या दादांनी जुने भाग मोबाइलवर लावून दिले, ती बघत पण नाही. पुन्हा बोट दाखवणं सुरू. माझा जीव थाऱ्यावर नाही. या खोलीतून त्या खोलीत जाते आणि कशाला आले तेच विसरते. आई म्हणतात नजर लागली, तुझे दादा म्हणतात पुन्हा इंदूरला नेऊ.

तू ये. साहेबाला सांग घरी काम आहे. टीव्हीतली नको, खरी ये. तुझ्यासमोर ती बिलकुल बोलेल.

राग जाईल, लोभ जायचा नाही. वाट बघते.
ज्योत्स्ना

पुणे
१९ डिसेंबर

ती. सौ. वहिनींना सा. न. वि. वि.,

पोचले. तुम्ही दिलेली दराब्याची मिठाई गाडीतच संपवली. नोकरी आहे अजून, साहेबांशी भांडणही आहे.

निघताना तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. मिहू माझ्याशीही बोलली नाही, तेव्हा शेवटचा आधार गेला असं तुम्हाला वाटलं असणार. सगळ्यांसमोर तोंड उघडवेना, म्हणून लिहिते.

आले त्या संध्याकाळी मी मोज्याचा हत्ती पुढे धरून तिला विचारलं, याला भूक लागली, काय देऊ? आणि थांबले. पण थांबू कोण देतंय! आई म्हणाली केळं, सांग बेटा, केळं. दादा म्हणाला, आत्याला बोलून दाखव ना. तुम्ही तिच्या कानात केळं सांगितलंत. वहिनी, तिने तोंड उघडलं होतं. मी पाहिलं. मग मिटून घेतलं. सकाळी दुधाचं तेच, दुपारी फ्रॉकचं तेच. तिचं बोट वर व्हायच्या आत वस्तू हातात. मायेनेच करता, मला का कळत नाही? पण मी साहेबांशी तावातावाने भांडते, आणि माझ्याच घरात रोज तेच चाललंय.

आपल्या घरात तिच्यासाठी फक्त टीव्हीतली मी थांबत होते. आता तीही नाही. कुणीतरी थांबा हो. तुम्हीच थांबा.

लहान तोंडी मोठा घास घेतला. पदरात घ्या.
तेजू

सिंधीपुरा, बऱ्हाणपूर
१२ जानेवारी

चि. तेजस्विनीस अ. उ. आ.,

तुझं पत्र वाचून डोकं फिरलं होतं. मोठी आली शिकवणारी! लेकरू माझं, रात्रीचा दिवस मी केला, आणि ही दोन दिवस येऊन मला अक्कल शिकवते! आठवडाभर तुझं नाव काढलं नाही. मग एक दिवस आपलंच बोलणं ऐकू आलं. मिहू, भूक लागली ना, लागली, पोळी खायची ना, खायची, चल. सगळं मीच, एका दमात. लाज वाटली गं.

मग सुरू केलं. आईंना हात जोडून सांगितलं. त्या बिचाऱ्या तोंडात सुपारी धरून बसतात, तरी नाकातून हूं हूं चालूच. पण थांबणं म्हणजे काय जाच आहे! विचारायचं आणि जीभ दाताखाली धरायची. ती बघते, मी बघते, भाजी करपते. आणि होत काहीच नाही. तुझे दादा म्हणाले, पोरीचा फालतू छळ मांडला आहेस, बस कर.

काल संक्रांतीचे तीळ भाजत होते. तिला विचारलं, लाडू छोटा करू की मोठा? थांबले. ती उठून निघूनच गेली. माझा बांधच फुटला. गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून मोठ्याने रडले. मागून कुणीतरी कुर्ता ओढला. मिहू होती. तिने विचारलं, काबर रडते तू?

सवाल, तेजू! उत्तर नाही, सवाल! मी आईंना हाक मारणार होते, सगळ्या गल्लीला सांगणार होते. पण ती माझ्याकडे बघत होती. विचारून थांबली होती. लग्नाला सात वर्षं झाली, या घरात मला काही विचारून असं कुणी थांबलेलं आठवत नाही. विचारणारेच उत्तर देतात आणि उठून जातात.

मग मी खाली फरशीवर बसले आणि तिला सांगायला लागले. तिच्याबद्दल काय काय भीती वाटते ते, माझं काय काय मनात राहिलं ते. सांगतच बसले. तिने मधे एक शब्द काढला नाही.

तुझ्यावर माया आहे, पुष्कळ आहे. आता सावकाश ये.
तुझी वहिनी,
ज्योत्स्ना