विटांवर उभी शिडी

२४ ऑक्टोबर १९७४, गुरुवार

शिडी विमानाले लागली. माही शिडी!

आज खंडेनवमी. सकाळी माह्या जोडीच्या गिरिधरनं विमानतळाच्या शेडमधी पूजा मांडली. पाने, हातोडे, जॅक सगळं ठेवलं, आन् प्रवासी उतरवाच्या माह्या शिडीच्या चाकाले लावाचे दोन्ही लाकडी ठोकळे बी नेले. हळद-कुंकू, झेंडूचे हार. "हे बी आपलं हत्यारच होय ना गा!" म्हणे. पूजेतली वस्तू दसऱ्यापर्यंत हलवाची नाही. पण मुंबईचं विमान काय दसऱ्यापर्यंत थांबते?

आमचे सुपरवायझर मनोहरराव, त्यायले विचारलं — चाकाले अडण काय लावू? "आजच्या दिवस विटा लाव ना गा. पूजा उठवतात काय?" लावल्या विटा. म्या सोताच ठोकळे उचलले असते तं? बौद्धानं पूजा बाटवली म्हणून बोंब झाली असती. म्हणून गप्प बसलो. भेकड साला मी.

लोक उतरले. शिडी मागं घेतली, विटा लावल्या. तेवढ्यात बाजूच्या विमानाचे पंखे सुरू झाले. असा वारा! विटा घसरल्या, शिडी निघाली. म्या कठडा धरला तं मलेच फरफटत नेलं. विमानाच्या दाराखाली जाऊन घुसली. वीतभर पत्रा फाटला. आत कोणी नव्हतं, तेवढंच नशीब.

२५ ऑक्टोबर

निरोप आला — चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नको.

दीक्षाभूमीवर आज केवढी गर्दी असन. माही बायको कौसल्या पांढरं लुगडं नेसून दारात उभी. "चला नं." नाही गेलो. आमच्या आख्ख्या इंदोरा वस्तीतून विमानतळावर नोकरीले मी एकटाच. दहा जण विचारतीन, कायचं तोंड दाखवू?

२८ ऑक्टोबर

चौकशी झाली. विमान अजून तिथंच उभं, फाटलेल्या जागी ताडपत्री.

मुंबईच्या साहेबानं विचारलं, विटा कोणी लावाले सांगितल्या? मनोहरराव म्हणे, "मले तं आत्ताच माहीत पडून राहिलं साहेब!" आन् गिरिधर? खाली मान. आठ वर्षं एका डब्यातून जेवलो आम्ही!

सायकली ठेवतो तिथं गाठलं त्याले. "काहून बोलला नाही गा?"

"लेकरं हायेत मले."

मले काय मांजरं हायेत?

३० ऑक्टोबर

कौसल्यानं आज बी सकाळी माहा डबा भरला. तेच जास्त लागते.

१ नोव्हेंबर

मनोहरराव घरी आले. आठ वर्षांत पहिल्यांदा! चहा घेतला नाही. कागद लिहूनच आणला होता — 'ठोकळे लावण्यास मी विसरलो.' "सही कर. महिनाभर घरी बस, मंग मी आहो ना. पूजेचं काढशीन तं बदनामी तुह्याच लोकायची होईन."

कौसल्या आतून म्हणे, "करू नका. खोटं हाये ते."

केली सही. नोकरी गेली तं खाऊ काय? आठ वर्षांत एक दिवस ठोकळे विसरलो नाही मी. एक दिवस नाही! आन् आता माह्याच हातानं लिहून देल्लं.

५ नोव्हेंबर

सीताबर्डीवर गिरिधर दिसला. हाक मारली त्यानं. म्या थुंकलो आन् सायकल दामटली. बरं वाटलं. थोडा वेळ.

६ नोव्हेंबर

काही नाही. पोस्टमन आला, शेजारी गेला.

८ नोव्हेंबर

हुकूम आला. काल गिरिधर सोताहून साहेबापुढं उभा राहिला म्हणे. "ठोकळे म्या नेले, विटा मनोहररावनं लावाले सांगितल्या, रुपरावची काही चूक नाही" — सगळं खरं सांगितलं. साहेबानं माह्या सहीचा कागद त्याच्यापुढं ठेवला. ठोकळे नेले म्हणून त्याले काढलं, खोटं लिहून देल्लं म्हणून मले. मनोहरराव कामावर हायेत.

त्या कागदाचं म्या गिरिधरले सांगितलंच नव्हतं.